अकरा नंबरचं शटर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, वहिनीला नाही. देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही, तिथे मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखत असतात तर? तर बहुधा आजही गप्पच बसले असते.

कुठून सुरू करू? एक्स्चेंजपासूनच करते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा काळ. मालवणहून आचऱ्याला जायच्या वाटेवर एक गाव, त्याचं नाव नको. तिथल्या लहानशा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. एक खोली, एक लाकडी बोर्ड, आणि गावातले सगळे मिळून बावीस फोन. कुणी आपल्या घरी फोनचं हँडल फिरवलं की माझ्या बोर्डावर त्याच्या नंबरची पत्र्याची चिमुकली झडप खटकन खाली पडायची. तिला आम्ही शटर म्हणायचो. शटर पडलं की त्या नंबरात पिन खोचायची, काय हवं ते विचारायचं, आणि हव्या त्या माणसाशी जोडून द्यायचं. मी पिन खोचली नाही, तर त्या घरातून कुणाशीही बोलता येत नसे. माझ्या सगळ्या गोष्टीत एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुरे.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. लग्न जमलं नव्हतं. आधी बघायला येत, मग येईनासे झाले. भावाच्या घरी राहायचे. वहिनी वाईट नव्हती. माझं ताट झाकून ठेवायची. पण घरी पोचल्यावर ‘आज काय झालं?’ असं विचारणारं कोणी नव्हतं. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची — कुणाला नातू झाला, कुणाचा आंबा मुंबईला पोचला — आणि आपण मात्र कानाला हेडफोन लावून गप्प. हे असं किती वर्षं चालतं, माहीत आहे? चालतच राहतं.

माझे वडील दशावतारी कंपनीत पेटी वाजवायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ऐकायची. शिकवलं कुणी नाही, पण कान तयार झाला. तेवढीच माझी मिळकत.

दुपारी दीड ते अडीच ट्रंक लाइन, म्हणजे परगावी जोडणारी तार, मोकळी असायची. बाजार बंद, कचेऱ्या जेवायला गेलेल्या. त्या तासात कुडाळचे नाईक — वयस्क ऑपरेटर, नाटकवेडे — मला लाइनवर घ्यायचे. मग ते सावंतवाडीहून फिरवून आरोंद्याची लाइन जोडायचे. तिथे दिगंबर ऑपरेटर होता. त्याचं घराणं देवळात गाणारं. आम्ही तिघांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती, फक्त आवाज. नाईक चार स्वर गुणगुणायचे आणि म्हणायचे, “सांगा बघया, खयचो राग?” कधी नुसतं कोडं असायचं, जसं आरोहात पाचच स्वर आणि अवरोहात सात, सूर्य उगवायच्या आधी येतो, कोण? हरला त्याने दुसऱ्या दिवशी नवं कोडं आणायचं. एवढाच खेळ. पण मी सकाळी उठायची ती त्या तासासाठी. रेडिओवरचं पहाटेचं गायन ऐकून वहीत टिपून ठेवायची. आंघोळ करताना, वाटेत चालताना कोडी रचायची.

बहुतेक वेळा मीच जिंकायची. दिगंबर म्हणायचा, “तुझ्या कानाक तोड नाय गो.”

हे वाक्य मी दिवसातून किती वेळा मनात म्हणायची, ते सांगायला आजही लाज वाटते. त्याचं लग्न झालं होतं की नव्हतं, हेही मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही.

आणि मग माई आल्या.

माई मुंबईला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त होऊन गावी आल्या, समुद्राच्या अंगाला दोन खोल्यांचं नवं घर बांधून राहिल्या. नवरा कधीच वारला होता, मूल नव्हतं. मुंबईचा भाचा धडपड करून त्यांच्यासाठी फोन बसवून गेला. तो एक्स्चेंजमध्ये आला, मला म्हणाला, “आत्या एकटीच असते. रक्तदाब आहे. काही झालं तर हाताशी फोन असावा, म्हणून बसवलाय. तुम्ही जरा लक्ष असू द्या.” मी म्हटलं, “काळजी करू नका.” नंबर मिळाला अकरा.

एका दुपारी माईंनी मुंबईचा कॉल बुक करायला फोन केला. मी त्यांची पिन खोचून ठेवली आणि तशीच विसरले. इकडे नाईकांचं गुणगुणणं सुरू झालं. मी लगेच म्हटलं, “भूप.” सोपंच होतं की! पाच स्वर, सगळे शुद्ध. नाईक हसणार एवढ्यात लाइनवर तिसरीकडूनच एक बाईचा आवाज आला, शांत, जरा घोगरा.

“भूप नाही. देशकार. स्वर तेच, पण ते धैवतावर घर करून बसलेत. भूप गंधारावर बसतो. आणि भूप संध्याकाळचा, हा सकाळचा. माफ करा हं, मध्ये बोलले.”

मग नाईक ओरडले, “अहो, तुम्ही कोण?” आणि दिगंबर — त्याचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता — म्हणाला, “उद्या पण येशात मां?”

त्या रोज येऊ लागल्या. बरोबर दीड वाजता अकरा नंबरचं शटर पडायचं. हँडल एकदाच, हलकेच फिरवलेलं. माई आल्या आणि खेळ बदलला. त्या उत्तर सांगून थांबायच्या नाहीत, समजवायच्या. एकदा म्हणाल्या, मारवा, पूरिया आणि सोहनी ही एकाच घरातली तीन भावंडं. तिघांचे स्वर तेच, पंचम कुणालाच नाही. पण सोहनी वरच्या मजल्यावर राहते, पूरिया खालच्या मजल्यावर रमतो, आणि मारवा मधल्या जिन्यात उभा, धड वर नाही, धड खाली नाही. मी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या आयुष्यात मला कुणी काही शिकवलं असेल तर ते माईंनी, आणि तेही न मागता. माझ्याशी त्या फार प्रेमाने बोलायच्या. “सुमन, तुझा कान देवाने दिलाय गं. ये ना घरी, नीट बसू,” म्हणायच्या. मी गेले नाही. का गेले नाही?

कारण दीड वाजता लाइन जोडली की दिगंबर आता सगळ्यांत आधी विचारायचा, “अकरा नंबर आसत काय गो लायनीर?”

बस. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

पहिल्यांदा मी खोटं बोलले ते साधंच होतं. शटर पडलं, पिन खोचली, म्हटलं, “माई, आज ट्रंक बिझी आहे, खेळ नाही.” त्या म्हणाल्या, “असू दे गं, उद्या.” दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पिनच खोचली नाही. शटर पडलेलं पाहिलं आणि बोटाने वर करून ठेवलं. पुन्हा पडलं, पुन्हा वर केलं. शटर पडताना एक घंटी वाजायची, तिचा खटका बंद करून टाकला. दिगंबरला सांगितलं, माई म्हणाल्या हा पोरखेळ झाला, त्यांना कंटाळा आला. नाईक म्हणाले, “मोठी माणसं ती.” आणि आम्ही तिघं पुन्हा पूर्वीसारखे खेळू लागलो.

माई मात्र रोज दीडला हँडल फिरवत राहिल्या. एकदा, मग दोनदा. मग थांबायच्या. पंधरा-वीस दिवस तरी असं चाललं असेल. त्या माझ्यावर रागावल्या असतील असं मला वाटायचं. पण एकदा संध्याकाळी दुसऱ्या कशासाठी फोन केला, तेव्हा म्हणाल्या, “दुपारी तुला फार काम असतं ना हल्ली?” मी म्हटलं, “हो, माई.”

तो दिवस — आता सांगायलाच हवं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता, वहिनीचा उपास होता म्हणून आठवतं. दीड वाजता नाईकांनी लाइन जोडली. शटर पडलं नाही. मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. दिगंबरची पाळी होती कोडं घालायची. त्याने गुणगुणायला सुरुवात केली, फार सावकाश, खालच्या सुरांत. आणि अकरा नंबरचं शटर पडलं.

मी वर केलं. लगेच पुन्हा पडलं. पुन्हा वर केलं. पुन्हा.

माई हँडल एकदाच फिरवायच्या, हलकेच, हे मी मघाशी सांगितलं. त्या दिवशी तसं नव्हतं. शटर पडत होतं ते वेडंवाकडं, एकदा लागोपाठ, मग बराच वेळ नाही, मग अर्धवट थरथरून. जणू हँडल कुणाच्या तरी हातातून निसटतंय. बोर्डावर सहा वर्षं काढलेल्या बाईला हे कळत नाही का? कळतं. मला कळलं. आजवर मी स्वतःलासुद्धा सांगत आले की मला वाटलं त्या खेळासाठीच फोन करताहेत. नाही. मला दोन क्षण स्पष्ट वाटलं की काहीतरी झालंय. माझा हात पिनेकडे गेलासुद्धा.

पण कानात दिगंबरचा आवाज होता, आणि तो थांबून म्हणाला, “सांग गो, ह्यो कोण?”

मी पिन सोडली आणि म्हटलं, “पूरिया. तो खालच्या मजल्यावर राहतो. मारवा असता तर जिन्यात दिसला असता.”

तो हसला. किती मोकळं हसला! म्हणाला, “शाब्बास गो! ह्यां तुका सुचला कसां?”

मी माईंचं नाव घेतलं नाही.

शटर त्यानंतर एकदा पडलं. मग नाही.

पाचच्या सुमाराला माईंकडे भांडी घासायला येणारी चंद्रा धावत एक्स्चेंजमध्ये आली. “बाय, डाक्टराक बलय, माई जमिनीर पडल्यात!” डॉक्टरांना मीच जोडून दिलं. मीच बोलले. आवाज अगदी नीट होता माझा. चंद्रा परत धावली. खोलीत मी एकटी राहिले, आणि मी काय केलं? फॉल्टचं रजिस्टर उघडलं. लाइन बिघडली की वेळ घालून त्यात नोंद करायची असते. मी लिहिलं, नंबर अकरा, सकाळी दहा चाळीसपासून बंद, लाइनमनला तोंडी कळवले. सही केली. अक्षर जरासुद्धा हललं नाही. कुणी काही विचारायच्या आधीच मी हे केलं, हे लक्षात घ्या.

माईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. वाचा गेली. जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं, दुपारीच आणलं असतं तर इतकं झालं नसतं. माईंच्या घरी फोनचा रिसीव्हर खाली लोंबकळताना सापडला होता. भाचा एक्स्चेंजमध्ये आला, माझ्यासमोर खुर्चीत बसला. मी रजिस्टर त्याच्यापुढे फिरवलं. त्याने वाचलं. माझ्यावर एक शब्दही रागावला नाही. उलट म्हणाला, “तुम्ही तरी काय करणार?” आणि वरिष्ठांकडे तक्रार दिली ती लाइनमनविरुद्ध.

लाइनमन बाबली. पन्नाशीचा, खांबावर माकडासारखा चढणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला मुलीसारखं मानायचा. चौकशीच्या आदल्या दिवशी तो एक्स्चेंजच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला.

“बाय, तू माका कधी सांगलंस गो?”

मी कागद चाळत राहिले.

“त्या दिवशी सकाळी अकराक मी हयच होतंय. तुझ्यासमोर बसान चाय पिलंय. लाइन बरी होती, मीच तपासलंय. तुका म्हायती आसा, बाय.”

आम्ही दोघं नेहमी मालवणीतच बोलायचो. पण त्या दिवशी मी मान वर करून, साहेबाशी बोलावं तसं स्वच्छ मराठीत म्हटलं, “रजिस्टरमध्ये नोंद आहे, बाबली. मला वेगळं काही सांगायचं नाही.”

मला वाटलं तो ओरडेल, शिव्या देईल. त्याने पायरीवर काढलेल्या चपला पायात घातल्या आणि तो गेला.

चौकशीला साहेब आले. त्यांच्यापुढे बाबलीला नीट बोलता आलं नाही. कचेरीतलं मराठी त्याच्या तोंडी बसत नव्हतं, वाक्य सुरू करायचा आणि मालवणीत अडकायचा. साहेबांनी मला विचारलं, “तुम्ही यांना कळवलं होतं?” मी म्हटलं, “हो, साहेब.” एवढे दोनच शब्द. बाबलीची बदली झाली, पार घाटाच्या पायथ्याला. घरी त्याची म्हातारी आई अंथरुणावर होती. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. त्याला निरोप द्यायचा ट्रंक कॉल माझ्याच बोर्डावरून गेला, मीच जोडला. नदीला पूर होता. तो पोचला दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर.

कोड्यांचा तास मी बंद केला. नाईकांना सांगितलं, वरून ताकीद आलीय. दिगंबर दोन-तीनदा लाइनवर आला, माईंची चौकशी केली. मी म्हटलं, आजारी आहेत. पुढे त्याचीही बदली झाली असं ऐकलं. मी त्याला कधीच पाहिलं नाही.

माई त्यानंतर चार वर्षं जगल्या. भाच्याने चंद्राला दिवसभरासाठी ठेवलं. आणि मी — मी दर रविवारी जाऊ लागले. ज्या घरी त्या मला बोलावून थकल्या, त्या घरी. त्यांचे केस विंचरायचे, पेज भरवायचे. वाचा गेली होती, पण गुणगुणता यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. शब्द फुटत नव्हता, पण सूर लागायचा, आणि तो अजूनही नेमका जागेवर. त्या गुणगुणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी रागाचं नाव घ्यायची. बरोबर असलं की डाव्या हाताने माझा गाल थोपटायच्या. गावात लोक म्हणायला लागले, पोटच्या मुलीने केलं नसतं इतकं सुमन करते. वहिनीसुद्धा माझ्याशी मऊ बोलायला लागली. मला ते आवडायचं. हेही सांगून टाकते. आवडायचं.

एका रविवारी केस विंचरून झाल्यावर माईंनी माझं मनगट धरलं. ते सोडून बोट दाखवलं, कोपऱ्यात फोन होता तिथे. मग डाव्या हाताने हवेत हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा. सात-आठ वेळा तरी. आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. नुसतं विचारणं होतं. त्यांना फक्त कळायला हवं होतं.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. चंद्रा विहिरीवर गेली होती. त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या, लिहू शकत नव्हत्या. त्यांच्यापुढे खरं बोलायला मला काय भीती होती? कसलीच नाही.

मी म्हटलं, “माई, लाइन खराब होती हो. बाबलीला सांगितलं होतं मी. तो आलाच नाही.”

माईंनी हळूच मान हलवली. पटलं त्यांना. मग त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला, मला वाईट वाटत असेल म्हणून.

माई गेल्या तेव्हा मी स्मशानात गेले नाही, पण घरी होते. तेराव्याला भाचा मुंबईहून आला होता, बायको-मुलांना घेऊन. अंगणात मांडव, पानं मांडलेली. पहिली पंगत बसायच्या आधी त्याने सगळ्यांसमोर मला पुढे बोलावलं आणि हात जोडले. म्हणाला, “आम्ही लांब होतो. आत्याचं शेवटचं सगळं यांनी केलं. यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.” म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाबली आला होता. बदलीच्या गावाहून सकाळच्या एसटीने आला असावा. मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली — त्याने, मी नाही.

मी भाच्याला म्हटलं, “असं काही बोलू नका, माझं कर्तव्यच होतं.” मग पदर खोचला, भाताचं पातेलं उचललं आणि पंगतीला वाढायला लागले.